उंची मोजली, पुढे काय?

अंगणवाडीत महिन्यातून एकदा वजन-उंचीचा दिवस असतो. तुमसर असो की लाखांदूर, रीत तीच. ताई मुलाला उंचीच्या पट्टीला टेकवून उभे करते, आकडा वाचते आणि मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरते. वयाच्या मानाने उंची कमी निघाली की ते मूल ‘खुजे’ या रकान्यात जाते. आईला अंडी, वरण, पालेभाज्या आणि घरपोच आहाराच्या पाकिटांचा सल्ला मिळतो. बहुतेक मुलांसाठी हा सल्ला बरोबरच असतो. धानाच्या बांधीत राबून जगणाऱ्या भंडारा जिल्ह्यात उंची खुंटण्यामागे अपुरे अन्न आणि वारंवारची आजारपणे हीच कारणे जास्त आढळणार.

पण त्याच रकान्यात आणखी काही मुले बसतात. एकाचे धड नीट वाढलेले असते, मात्र मांड्या आणि दंड आखूड, कपाळ पुढे आलेले. दुसऱ्याचे पाय चालायला लागल्यावर धनुष्यासारखे वाकत जातात आणि व्हिटॅमिन डीचे डोस देऊनही सरळ होत नाहीत. तिसऱ्याचे हाड पलंगावरून उतरताना मोडते, दोन महिन्यांनी पुन्हा मोडते. या मुलांना कितीही अंडी खाऊ घातली तरी त्यांच्या हाडांची वाढ सुधारणार नाही, कारण दोष ताटात नाही. तो हाड घडवणाऱ्या पेशींना मिळणाऱ्या सूचनेत आहे. ताईने आकडा अचूक मोजलेला असतो. ‘हे मूल नुसते कमी उंचीचे आहे, की त्याची हाडे वेगळ्या तऱ्हेने वाढताहेत?’ हा पुढचा प्रश्न मात्र तिला कोणी शिकवलेला नसतो आणि त्याच्यासाठी ॲपमध्ये जागाही नसते.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. मूल वाढते ते तिथून. कूर्चेच्या पेशी रांगेने वाढतात, मग त्यांच्या जागी हाड तयार होते आणि किशोरवय सरले की चकती मिटते. या कामात जनुकीय बिघाड झाला, तर तो कोणत्या टप्प्यावर झाला यावर आजाराचे रूप ठरते. हाडांच्या जन्मजात विकारांचे जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्याच्या २०२३ च्या आवृत्तीत ७७१ विकार आणि त्यांच्याशी जोडलेली ५५२ जनुके नोंदली आहेत. यातला एकेक विकार इतका विरळ, की तालुक्याच्या डॉक्टरला आयुष्यात त्याचा एखादाच रुग्ण भेटावा. सगळे एकत्र धरले तर मात्र साधारण ५,००० जन्मांमागे एक मूल, असा अंदाज वैद्यकशास्त्र देते.

हा अंदाज भंडाऱ्याला लावून पाहावा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख होती. हजारी १५ च्या आसपास जन्मदर धरला तर वर्षाला अठरा हजार बाळे जन्मतात. म्हणजे त्यांत अशी तीन-चार बाळे दरवर्षी असणार. काही प्रकार इतके तीव्र असतात की बाळ जन्मतःच दगावते; ते वजा केले तरी शून्य ते अठरा वयाची निदान पन्नासेक मुले आज सात तालुक्यांत असावीत. हा ढोबळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. तरी त्यातून एक गोष्ट कळते: एका जिल्ह्याने नावानिशी ओळखावीत आणि सांभाळावीत इतकीच ही मुले आहेत. दुर्मीळ आजार म्हटले की शासनापासून समाजापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कोटींची इंजेक्शने आणि मदतीची आवाहने उभी राहतात. भंडाऱ्यातल्या मुलाचे बरेचसे नुकसान मात्र त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते. निदान उशिरा होते आणि स्वस्त, नेहमीचे उपचार घराजवळ मिळत नाहीत, म्हणून ते होते. ते टाळणे जिल्ह्याच्या हातात आहे.

या विकारांतला लोकांच्या सर्वांत ओळखीचा प्रकार म्हणजे ॲकॉन्ड्रोप्लेसिया. साधारण २५,००० जन्मांत एक. एफजीएफआर-३ या जनुकातला एका अक्षराचा बदल त्याला कारणीभूत असतो, हे १९९४ मध्ये कळले. दर पाचपैकी चार मुलांच्या बाबतीत आई-बाप दोघेही सामान्य उंचीचे असतात. बदल त्या बाळातच पहिल्यांदा घडलेला असतो. अशा मुलाची बुद्धी इतरांसारखीच असते. पण धोका असतो तो पहिल्या दोन वर्षांत, आणि त्याबद्दल घरी कोणालाच काही सांगितलेले नसते. कवटीच्या तळाशी मज्जारज्जू जिथून खाली उतरतो ते छिद्र या बाळांत अरुंद असते. मज्जारज्जूवर दाब आला तर झोपेत श्वास अडखळतो आणि क्वचित जीवही जातो. झोपेत घोरणे, श्वास थांबून पुन्हा सुरू होणे, मान सारखी मागे टाकणे, हातपाय लुळे वाटणे ही लक्षणे आईला माहीत असतील तर ती त्याच दिवशी दवाखाना गाठेल. माहीत नसतील तर ‘गाढ झोपतो’ म्हणून कौतुक करील.

दुसरी गोष्ट पाठीची. या बाळांची मान आणि धड सावरायला उशीर लागतो. घाईने उशा लावून बसवले, किंवा पाठीचा बाक वाढेल अशा मऊ, खोलगट जागेत तासन्‌तास ठेवले, तर कण्याला कुबड येते आणि टिकते. आई रोवणीला गेलेली, बाळ धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, हे पूर्व विदर्भातले रोजचे दृश्य. त्या आईला दोष देण्यात काहीच अर्थ नाही. तिला कोणीतरी एवढे सांगायला हवे, की या एका लेकराला पहिले वर्ष-दीड वर्ष सपाट, घट्ट अंथरुणावर निजवायचे, ते आपणहून बसायला लागेपर्यंत बसवायचे नाही आणि कान दुखला तर अंगावर काढायचे नाही, कारण कानाच्या वारंवारच्या संसर्गाने ऐकू येणे कमी होते आणि मग बोलणेही मागे पडते. हे सांगायला दहा मिनिटे लागतात आणि खर्च शून्य.

ठिसूळ हाडांच्या आजारात, म्हणजे ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टात, घरगुती रीतीच जास्त घातक ठरतात. बाळ-बाळंतिणीला आंघोळ घालायला येणारी बाई पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब घेऊन येते. तेल लावून हातपाय ताणणे, छातीवर आडवे-उभे नेणे, पाय धरून उलटे करणे. धडधाकट बाळाला त्यातले बरेचसे सोसते. ज्याच्या हाडातले कोलॅजनच कमी किंवा सदोष आहे त्या बाळाची मांडी अशा मालिशीत मोडू शकते. लंगोट बदलताना घोट्याला धरून पाय उचलले तरी मोडू शकते. अशा बाळाला उचलताना एक हात डोके-मानेखाली आणि दुसरा ढुंगणाखाली, एवढे साधे तंत्र आईला, आजीला आणि त्या बाईला शिकवले तर किती तरी मोडतोड टळेल. बऱ्याच बाळांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. आशाताई बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. तिच्या तक्त्यात हा एक रंग भरायला काय हरकत आहे?

हाड पुन:पुन्हा मोडले की दवाखान्यातल्यांच्या नजरेत घरच्यांबद्दल संशय येतो. मारले का, पाडले का, असे प्रश्न विचारले जातात. मुलाच्या रक्षणासाठी ते विचारलेच पाहिजेत. पण निळसर डोळे आणि दातांची झीज बघायला विसरणारा डॉक्टर एका निरपराध आईला आयुष्यभर पुरेल इतका अपमान देतो, तिला पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढावीशी वाटत नाही आणि मुलाचे पुढचे उपचार तिथेच थांबतात.

या आजारावर उपाय आहे आणि तो कोटींचा नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमध्ये फ्रान्सिस ग्लोरियू आणि सहकाऱ्यांनी पामिड्रोनेट हे औषध सलाइनमधून ठरावीक काळाने दिल्यास अशा मुलांची हाडे भरीव होतात, दुखणे कमी होते आणि मोडण्याचे प्रमाणही घटते, हे १९९८ मध्ये दाखवून दिले. आता त्याच जातीचे झोलेड्रोनिक ॲसिड बहुधा सहा महिन्यांतून एकदा दिले जाते. ते भारतात जेनेरिक रूपात बनते आणि कुपी काही हजार रुपयांच्या आत मिळते. आधी रक्तातले कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि मूत्रपिंडाचे काम तपासावे लागते, पहिल्या डोसनंतर ताप येऊ शकतो म्हणून बाळाला ठेवून घ्यावे लागते. पहिला डोस नागपूरच्या तज्ज्ञांनी द्यावा, वेळापत्रक त्यांनीच ठरवावे. पण पुढचे डोस भंडाऱ्यात देता येणार नाहीत असे त्यात काहीही नाही. हाड फार वाकले तर आत सळई घालण्याची शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात होते. मुलाबरोबर लांबत जाणाऱ्या सळयाही आता उपलब्ध आहेत.

वाकलेल्या पायांची गोष्ट याहून गुंतागुंतीची, आणि इथे विदर्भाची माती-पाणीही मध्ये येते. पाय वाकले की पहिले नाव मुडदुसाचे आणि पहिला इलाज व्हिटॅमिन डीचा. तो बरोबरच आहे. त्याने सुधारणा झाली तर प्रश्न मिटला. सुधारणा झाली नाही की बहुतेक ठिकाणी तोच डोस पुन्हा दिला जातो, मग आणखी मोठा. काही मुलांत मुळात मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जात असते; एक्स गुणसूत्राशी जोडलेला हा मुडदूस साधारण २०,००० मुलांत एकाला होतो आणि त्याला व्हिटॅमिन डीचे मारे बाधतात. रक्तातले फॉस्फरस मोजले की शंका पक्की होते, आणि ती तपासणी महागडी नाही. इलाज म्हणजे फॉस्फेटचे द्रावण दिवसातून चार-पाच वेळा आणि सोबत कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल. हे द्रावण अनेकदा औषध दुकानदाराकडून बनवून घ्यावे लागते. डॉक्टर त्याला जूलीचे द्रावण म्हणतात. नागपुरात ते बनवून मिळते. पवनीत किंवा लाखनीत ते कोण बनवणार? बाटली संपली आणि आठ दिवस नागपूरला जाणे जमले नाही, की औषध तुटते. वर्षातून असे चार-पाच वेळा झाले की पाय पुन्हा वाकू लागतात आणि घरच्यांची ‘औषधाने काही होत नाही’ अशी खात्री होते.

पूर्व विदर्भातल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानेही मुलांचे गुडघे वाकतात, दातांवर तपकिरी डाग पडतात. शिवाय हा सिकलसेलचा पट्टा. सिकलसेलच्या बाळाची बोटे सुजतात, हाडे ठणकतात, पुढे खुब्याच्या हाडाचा गोळा झिजतो. म्हणून इथल्या डॉक्टरला वाकलेल्या किंवा दुखऱ्या पायाकडे बघताना चार शक्यता डोक्यात ठेवाव्या लागतात: अपुरे व्हिटॅमिन डी, फ्लोराइड, सिकलसेल आणि जनुकीय विकार. एक लांब हाडाचा एक्स-रे, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, सिकलची तपासणी आणि गावच्या पाण्याचा नमुना, एवढ्यावर बराचसा निवाडा होतो. यातली एकही तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची नाही.

अशी मुले शोधायला यंत्रणाही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. ती तीस आजार शोधतात. त्यांत वाकडे पाऊल आहे, जन्मतः निखळलेला खुबा आहे, व्हिटॅमिन डीच्या अभावाचा मुडदूस आहे. हाडांच्या वाढीचे जनुकीय विकार नावाने नाहीत. यादी लांबवण्याचा आग्रह कोणी धरू नये. ७७१ नावे कोणाला पाठ होणार? तीन खुणा पुरतात. धडाच्या मानाने हातपाय आखूड. व्हिटॅमिन डी देऊन सहा महिने झाले तरी न सुधारलेले वाकडे पाय. किरकोळ कारणाने दोनदा मोडलेले हाड. यातली एक जरी दिसली तर मूल ‘खुजे’ म्हणून सोडून न देता जिल्ह्याला पाठवायचे, एवढा एक शासकीय आदेश जिल्हा परिषदेच्या आरोग्य आणि महिला-बालकल्याण विभागांनी मिळून काढला तरी उद्यापासून फरक पडेल.

ताई आणि आशांना हे जमेल का, अशी शंका कोणी घेईल. शेजारच्या गडचिरोलीने त्याचे उत्तर पंचवीस वर्षांपूर्वीच दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, त्याचा न्यूमोनिया ओळखायला आणि उपचार करायला शिकवले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. आजच्या आशाताईंच्या घरभेटी त्यातूनच देशभर गेल्या. सिकलसेलचेही तसेच. एके काळी त्याचे नाव विदर्भातल्या खेड्यात कोणाला ठाऊक नव्हते. आज गावातली बाईमाणसे सिकलच्या तपासणीबद्दल ‘सोल्युबिलिटी झाली का’ असे एकमेकींना विचारतात.

मूल ओळखले गेले तरी त्या घरासमोर रस्ता असतो. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. तिथल्या सरकारी रुग्णालयांची लोकांच्या तोंडी दोनच नावे, ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’. आता मिहानमधले एम्सही. लाखांदूरच्या खेड्यातून निघालेल्या आईला आधी तालुक्याची गाडी, मग नागपूरची, मग शहर बस. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि दिव्यांगाला सवलत आहे, हा मोठा आधार. पण बुडालेल्या रोजीला सवलत नसते. रोवणीच्या दिवसांत एका फेरीचा अर्थ दोन दिवसांची मजुरी आणि मुकादमाची नाराजी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते भरती आणि शस्त्रक्रियेसाठी. फॉस्फेटची बाटली, कॅल्सिट्रिऑलच्या गोळ्या, फिजिओथेरपी आणि गाडीभाडे त्यात बसत नाही. म्हणजे पाय वाकल्यावर ते कापून सरळ करण्याचे पैसे शासन देते, ते वाकू नयेत म्हणून लागणाऱ्या औषधाचे देत नाही. ही रचना उलटी करायला हवी. वेळेवर आलेल्या मुलाचे पाय गुडघ्याजवळ एक छोटी पट्टी आणि दोन स्क्रू बसवून वाढीच्या जोरावरच सरळ होऊ शकतात. वाढीची चकती मिटल्यावर आलेल्या मुलाचे हाडच कापावे लागते.

दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण ३० मार्च २०२१ ला आले. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढली. ती ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते, आणि पहिल्या आठ केंद्रांच्या यादीत महाराष्ट्रातले एकच होते: मुंबईचे केईएम. भंडारा रोड म्हणजे वरठीच्या स्थानकावरून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई नऊशेच्या आसपास किलोमीटर. हर्लर या जन्मजात विकारासारख्या आजारात मूळ पेशींचे प्रत्यारोपण वयाच्या दोन-अडीच वर्षांच्या आत झाले तरच खरा उपयोग होतो. तिथे मुंबई गाठणे भागच आहे, आणि तेही तातडीने. ॲकॉन्ड्रोप्लेसियावरचे व्होसोरिटाइड हे रोज टोचायचे इंजेक्शन २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मंजूर झाले. त्याने वर्षाला सरासरी दीड सेंटीमीटरच्या आसपास जास्त उंची मिळते आणि त्याचा वर्षाचा खर्च कोटींच्या घरात जातो. अशा औषधांवर न्यायालयात, संसदेत वाद व्हावेत, किमती उतराव्यात म्हणून भांडावे. पण त्याच धोरणाच्या दुसऱ्या गटात ठिसूळ हाडांच्या आजारासाठीची ती स्वस्त बिस्फॉस्फोनेट औषधेही नोंदलेली आहेत, आणि त्यांच्यासाठी एकाही मुलाला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसावे लागू नये.

भंडाऱ्याकडे आता सबब उरलेली नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत भंडारा आहे. महाविद्यालय म्हणजे बालरोग, अस्थिरोग, क्ष-किरण, कान-नाक-घसा, मानसोपचार हे विभाग एका छताखाली. महिन्यातला एक ठरलेला दिवस या मुलांसाठी ठेवावा. नागपूरचे बाल-अस्थिरोग आणि जनुकीय तज्ज्ञ त्या दिवशी प्रत्यक्ष यावेत किंवा पडद्यावर तरी असावेत. सलाइनची खाट, फॉस्फेटच्या द्रावणाचा साठा आणि प्रत्येक मुलाची एक फाइल, जी घरच्यांकडेही राहील. ही मुले पन्नास असोत वा सत्तर, औषधांचा वर्षाचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीत सहज सामावेल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाच्या आगीत दहा बाळे गेली. त्या जिल्ह्यात लहानग्यांसाठी चार पैसे जास्त मागायला कोणाला संकोच वाटू नये.

घरात काय चालते, याकडे तर कोणत्याच योजनेचे लक्ष नाही. मूल वेगळे दिसले की बोट आईकडे जाते. ग्रहणात भाजी चिरली असशील, काही वावगे खाल्ले असशील, तुझ्या माहेरचे असेल. डॉक्टरने सासू-सासऱ्यांसमोर स्पष्ट सांगावे, की हा बदल आपोआप घडला आहे, त्यात आईचा काही हात नाही. सामान्य उंचीच्या दांपत्याला पुन्हा ॲकॉन्ड्रोप्लेसियाचे मूल होण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी असते. हे एक वाक्य किती तरी संसार सावरेल. काही विकारांत मात्र दोन्ही पालक वाहक असतात आणि दर वेळी चारात एक अशी शक्यता राहते. मामा-आत्याच्या मुलांत लग्ने होणाऱ्या घरांत हे अधिक. तिथे पुढच्या बाळंतपणाआधी समुपदेशन हवे. ते नागपूरपर्यंत ओढत न नेता भंडाऱ्यातच मिळायला हवे, आणि बापालाही समोर बसवून. मोठी बहीण शाळा सोडून भावाला उचलत बसली आहे का, हेही कोणीतरी विचारावे.

एका कुटुंबाला दुसरे तसेच कुटुंब भेटले की निम्मी भीती जाते. प्लास्टर कसे कोरडे ठेवायचे, बाळाला अंगडे कसे घालायचे, शाळेत काय बोलायचे, हे मोहाडीची आई साकोलीच्या आईला कोणत्याही डॉक्टरपेक्षा चांगले सांगेल. महिन्याच्या त्या ठरलेल्या दिवशी त्या दोघी एका बाकावर बसतील, एवढी व्यवस्था झाली तरी खूप.

शाळेचे काय? १६ डिसेंबर २०११ ला, अठराव्या वाढदिवशी, नागपूरची ज्योती आमगे ६२.८ सेंटीमीटर उंचीची जगातली सर्वांत बुटकी हयात स्त्री म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंदली गेली. ती नागपूरच्या नेहमीच्या शाळेतच शिकली आणि तिच्यासाठी वर्गात तिच्या मापाचा बाक आणि खुर्ची होती. जगाने तिची उंची लक्षात ठेवली. भंडाऱ्याच्या शाळांनी तो बाक लक्षात ठेवावा. पायाखाली चौरंग नसेल तर लोंबकळत्या पायांनी पाच तास बसणारे मूल पाठीच्या दुखण्याने शाळा सोडते. नळ, कडी, फळा, शौचालय सगळे उंचावर असेल तर ते पाणीच पीत नाही. ठिसूळ हाडांच्या मुलाला ‘जबाबदारी नको’ म्हणून घरी बसवणे सर्वांत वाईट. उम्मुल खेर यांची हाडे सोळा वेळा मोडली, आठ शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१६ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या ४२० व्या आल्या. भावनगरच्या तीन फुटी गणेश बरैया यांना डॉक्टर व्हायचे होते; उंचीचे कारण देत प्रवेश नाकारला गेला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मिळवून दिला. हाडे आणि हुशारी यांची गल्लत करणाऱ्या मास्तरांना आणि अधिकाऱ्यांना ही दोन नावे सांगावीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बुटकेपणा एकवीस दिव्यांगत्वांत घेतला. प्रौढाची उंची १४७ सेंटीमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच किंवा त्याहून कमी, ही त्याची व्याख्या. प्रमाणपत्राच्या हिशेबात त्याखालच्या प्रत्येक इंचाला चार टक्के धरतात आणि सांधे-कण्याच्या विकृतीचे वेगळे मोजतात. चाळीस टक्क्यांची पायरी ओलांडली तरच बहुतेक सवलती. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने कणा आणि गुडघे न तपासता नुसती उंची लिहून मोकळे होऊ नये. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना औषध-थेरपीचा खर्च देते, पण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांपुरती आहे. हाडांच्या विकारांची मुले तिच्या बाहेर राहतात. महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला आहे. त्या विभागाने अशीच योजना या मुलांसाठी आणावी.

तोवर गावाला स्वतःहून करता येण्यासारखेही आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. तो पुष्कळदा वर्षअखेरीला वाटून टाकला जातो किंवा पडून राहतो. ज्या गावात असे मूल आहे तिथल्या ग्रामसभेत त्याच्या आई-बापाला बोलू द्यावे: शाळेत खालच्या उंचीवर एक नळ, शौचालयाला पायरी, वर्गात मापाचा बाक, नागपूरच्या फेऱ्यांचे भाडे, महिन्याची फॉस्फेटची बाटली. ठराव त्याच सभेत व्हावा आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी, म्हणजे त्या मुलाचे नाव जिल्ह्याच्या यादीत चढेल.